मालिकेला नावं ठेवायला किती भाग बघायला हवेत?

खारीबटर

परवा नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. जेवणं झाली, पानं आली, आणि मी सहज म्हणून गेले की आता निघते, सासूबाईंची आणि माझी 'ठरलं तर मग' मालिका चुकेल. झालं! मावसदीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही? इंजिनिअर ना तुम्ही?" मग सगळं टोळकं सुटलं. जान्हवीचं बाळंतपण, 'काहीही हं श्री', एकावर एक.

जोकचा मला राग नाही. पण जान्हवी-श्रीची ती 'होणार सून मी ह्या घरची' २०१६ साली संपली. जान्हवीचं ते बाळ एव्हाना मुंजीला आलं असेल. मी विचारलं, त्यानंतरची एखादी मालिका बघितलीत का? तर म्हणे छे, आमच्याकडे कोणी बघत नाही. मग मत कशावर बनवलंत?

सिनेमावर लिहिणारा निदान अडीच तास थेटरात बसतो. नाटकावर लिहिणारा तिसऱ्या घंटेला हजर असतो. मालिकेचं काय? पहिल्या आठवड्यात पुरवणीत नायिकेचा फोटो आणि मुलाखत, आणि नंतर एकदम 'एकदाची संपली' असा मजकूर. 'आई कुठे काय करते' २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. मधल्या पाच वर्षांत नायिका अरुंधतीचं काय झालं, कुठे कथा घसरली, कुठे सावरली, यावर कुणी धड चार परिच्छेद लिहिलेले मला तरी आठवत नाहीत.

मालिका ग्रेट असतात असं माझं म्हणणं नाही. मी बघते त्यातलं निम्मं गाळ असतं. पण कुठलं निम्मं, ते मला माहीत असतं!

तर प्रश्न साधा आहे. नावं ठेवायचा हक्क मिळवायला किती भाग बघितलेले असावेत?

नाक्यावरचा_चहा

एक. शितावरून भाताची परीक्षा.

खारीबटर

शीत त्याच भाताचं हवं ना? तुम्ही दहा वर्षांमागच्या पातेल्यातलं शीत चिमटीत धरून बसलाय.

नाक्यावरचा_चहा

पातेलं तेच आहे हो ताई. घासलंच नाहीये.

मिश्किल_मावशी

नाक्यावरच्या चहाला +१ आणि खारीबटरलाही +१. (चहा नि खारी, जोडी जमली.) पॉपकॉर्न घेऊन बसते.

कोपऱ्यातली_खुर्ची

माझं वय ७१. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत एकच संच होता, तोही तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे. चिमणराव-गुंड्याभाऊ लागले की डॉक्टरांच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. मूळ लेखन चिं. वि. जोशींचं, म्हणजे पाया पक्का. पुढे 'गोट्या' आली, तीही ताम्हनकरांच्या पुस्तकावरून. आठवड्यातून एक भाग, तेरा भागांचा हिशोब, गोष्ट संपली की मालिका संपली. आज गोष्ट संपते आणि मालिका चालूच राहते.

मला टीका करायला एकही भाग बघावा लागत नाही. आमची ही बाहेरच्या खोलीत बघते, मला आतल्या खोलीत नुसतं ऐकू येतं. विजेचा कडकडाट तीनदा झाला की समजायचं, कोणीतरी दार उघडलं.

मिश्किल_मावशी

खुर्चीकाका, आदर राखून विचारते. त्या काळी तुम्ही 'आमची माती आमची माणसं' पण बघत होतात की नाही? आम्ही गिरगावात राहून कापसावरची बोंडअळी बघितलीय. पर्यायच नव्हता. तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं नाही, वाईट होतं ते आपण विसरलो.

कोपऱ्यातली_खुर्ची

बोंडअळीचा अभिनय तरी सहज होता.

मिश्किल_मावशी

साष्टांग नमस्कार स्वीकारावा. :)

शिफ्टसंपली

काही वर्षं या धंद्यात काढली आहेत (वाहिनी आणि निर्मितीसंस्था कोणती ते विचारू नका), म्हणून आतली बाजू लिहितो.

एका भागात जाहिराती वगळून साधारण वीस-बावीस मिनिटांचा मजकूर असतो. आठवड्याला सहा भाग, कधी रविवारी एक तासाचा महाभाग. म्हणजे आठवड्याला एका सिनेमाएवढं शूटिंग, तेही ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या नाहीतर मढच्या बंगल्यात, त्याच दिवाणखान्यात. बँक असेल, म्हणजे पुढचे भाग हाताशी असतील, तर बरं. मी होतो तिथे बऱ्याचदा बुधवारी दाखवायचं ते सोमवारी शूट व्हायचं.

गुरुवारी किती जणांनी बघितलं त्याचे आकडे येतात. निवडक घरांत मीटर बसवलेले असतात, वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. त्या आकड्यावरून शुक्रवारी मीटिंग, आणि सोमवारपासून खलनायिका सुधारणार होती ती आणखी बिघडते.

शिवाय कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मावशी मंगळवारी म्हणाली की मला मधुमेह आहे, आणि शुक्रवारी ती लाडू खातेय, असं होतं ते यामुळे. एखादं पात्र अचानक बंगळूरला ट्रेनिंगला गेलं, तर समजा नटाच्या नाटकाचा दौरा लागलाय.

आणि तो तीनदा कडकडाट, खुर्चीकाका, त्याला कलात्मक कारण काही नाही. तीन चेहरे तीनदा दाखवले की पाऊण मिनिट भरतं. बावीस मिनिटांतलं पाऊण मिनिट फुकटात मिळालं तर कोण सोडेल?

नाक्यावरचा_चहा

म्हणजे माझंच बरोबर. पातेलं घासलं नाही याची प्रत्यक्ष खानसाम्याने दिलेली कबुली.

शिफ्टसंपली

कबुली आहेच. पण बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये एखादा प्रसंग असा जमून जातो की लाइटवाला दादाही थांबून बघतो. तो जमलेला प्रसंग टीकाकारांच्या नजरेला कधीच पडत नाही, कारण तो चारशे बाराव्या भागात असतो. खारीबटर यांचा मुद्दा तोच आहे ना?

खारीबटर

तोच! आभार. दोन दिवस शोधत होते ते वाक्य.

वैदर्भी_ठेचा

नागपूरकर हजर आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' आली तेव्हा मुंबई-पुण्याच्या लोकांनी नायिका राधिकाच्या 'गोड वैदर्भी बोली'चं काय कौतुक केलं बाप्पा! माझी आजी पहिला भाग बघून म्हणाली, "हे कुठचं नागपूर व्हय?" राधिका झालेली अनिता दाते मूळची नाशिकची, तिनं जीव ओतून काम केलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण दर वाक्यात एक 'बाप्पा' आणि एक 'काहून' टाकलं की नागपुरी होत नाही. नागपुरी वेगळी, वऱ्हाडी वेगळी, झाडीपट्टीची त्याहून वेगळी.

मुद्दा असा की पहिल्या आठवड्यातलं कौतुकही न बघता केलेलं असते. नुसती टीकाच तशी असते असं नाही.

आता आजीचं ऐका. नावं ठेवत ठेवत तिनं २०१६ पासून २०२१ पर्यंत एक भाग सोडला नाही. नवऱ्याची, म्हणजे गुरुनाथाची, मैत्रीण शनाया बदलली, रसिका सुनील जाऊन ईशा केसकर आली, पुन्हा रसिका आली, आजी जागची हलली नाही. म्हणे, "त्या गुरुनाथाची जिरल्याशिवाय मी मरत नाही."

मिश्किल_मावशी

आजींची इच्छा पुरी झाली का?

वैदर्भी_ठेचा

जिरली. आजी अजून ठणठणीत आहे. दुसरा गुरुनाथ शोधून ठेवलाय.

रंकाळ्यावरून

बोलीचा विषय निघालाच आहे तर. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुराजवळ वसगड्याला शूट होत होती. तिच्यातल्या नायकाच्या, राणादाच्या, 'चालतंय की' नं वर्षभर उच्छाद मांडला होता. बँकेत पासबुक भरायला दिलं तर शिपाई पण 'चालतंय की'. आम्ही असं बोलत नव्हतो, मालिका आल्यावर बोलायला लागलो. हा परिणाम कुठल्या परीक्षणात मोजतात?

सुपारीची_बाग

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, सध्या मडगावात. २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा गावात दोन तट पडले होते. एक म्हणे कोकणाची बदनामी चाललीय, भुताखेतांशिवाय आमच्याकडे काही नाही का? दुसरा म्हणे गप बस, मालवणी टीव्हीवर लागलीय ती ऐक. बदनामी म्हणणारेच आकेरीचा तो वाडा बघायला पाहुण्यांना गाडीत घालून नेत होते. बरं, पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, म्हणजे भाषा घरचीच.

पुढे २०१९ ला दुसरं पर्व आलं, अण्णा आणि शेवंता, म्हणजे गोष्ट मागे नेली. पहिल्या पर्वात अण्णा मरतात तिथून सुरुवात, आणि दुसऱ्यात जिवंत अण्णांचा सगळा माज. माधव अभ्यंकरांनी जो अण्णा उभा केला, तसा खलपुरुष मराठी पडद्यावर त्या दहा वर्षांत मी पाहिला नाही. टीकाकारांनी काय लिहिलं? 'अंधश्रद्धा पसरवणारी मालिका.' अहो, भूत निमित्ताला होतं, मालिका जमिनीची आणि बाईच्या भुकेची होती! आमची आजी एकाच वाक्यात परीक्षण करायची: "ह्यात नवीन काय? असलो एक अण्णा प्रत्येक वाडीत आसता."

अवांतर: २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झाल्यावर मालिकावाले आमच्या गोव्यात आले होते. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. तेवढ्या दिवसांत मुंबईच्या सासवा अचानक माडाखाली बसून कारस्थानं करायला लागल्या होत्या. वाऱ्यानं पदर उडत होता, पण कारस्थानात खंड नाही.

डॅलसकर

हसून मेलो. आमच्याकडे ॲपवर दीडपट वेगाने बघतात. शनिवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको आठवड्याचे सहा भाग संपवते. दीडपट वेगात सगळे माणसासारखे बोलतात, मूळ वेगात मला ते आजारी वाटतात.

आमची सातवीतली कन्या इथेच जन्मली. मराठी शाळेत मॅडमनी विचारलं, एखादा मोठा मराठी शब्द सांग. हिने सांगितलं, 'कटकारस्थान'. पुढे वाक्यात उपयोगही करून दाखवला: "आजी फोनवर आत्याशी कटकारस्थान करते." त्या दिवसापासून आमच्याकडे मालिका हेडफोन लावून.

नाक्यावरचा_चहा

धागा भरकटतोय, पण थोडं गंभीर लिहितो, कारण वरचे जोक वाचून माझा मुद्दा वाहून जाईल.

माझी बहीण घटस्फोटित आहे. आईकडे राहते. रोज संध्याकाळी सात ते दहा आमच्या घरात काय चालतं? नवऱ्यानं टाकलेली बाई त्याच्याच घरात राहून सगळ्यांना वाढतेय. खिरीत कोणीतरी काहीतरी मिसळतंय. मंगळसूत्र तुटलं की ढग गडगडतात. बहीण उठून गॅलरीत जाते. आईला ते दिसतही नाही, तिचं लक्ष टीव्हीत. हे शीत मी रोज चाखतो, स्वतःहून नाही, भिंतीपलीकडून. मला चारशे बाराव्या भागातला सुंदर प्रसंग नका सांगू.

खारीबटर

चहा, हे आधी सांगितलं असतंत तर मी शिताचा टोमणा मारला नसता. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मला त्यावर चटकन उत्तर नाही.

ग्रंथकीटक

नाही कसं? आहे. 'आई कुठे काय करते' मध्ये नेमकं हेच झालं, पण उलट्या दिशेने. सुरुवातीला मीही वैतागून सोडली होती, कारण अरुंधती सगळं गिळत होती. पुढे ती घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, गाते, दुसरं लग्न करते. मूळ बंगाली 'श्रीमोयी', त्यावरून मराठीत ही, हिंदीत 'अनुपमा', आणि दक्षिणेतही आवृत्त्या निघाल्या. पंचविशी उलटलेल्या संसाराची बाई मध्येच उठून जाते, ही गोष्ट इतक्या भाषांतल्या बायकांना रोज बघावीशी वाटली. यावर कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. लिहिलं काय गेलं? 'किती ताणणार?' ताणलीच, मान्य. दुसऱ्या लग्नानंतर तिला पुन्हा पहिल्या नवऱ्याच्या, त्याच देशमुखांच्या घराभोवती घुटमळत ठेवलं तिथे मी रागाने सोडली. शेवटी मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलली गेली. पण हा राग बघणाऱ्याचा राग आहे.

आणि खारीबटर, तुमच्याशी एका बाबतीत असहमत. मालिकांची समीक्षा होत नाही असं तुम्ही म्हणता. होते, फक्त छापली जात नाही. अशाच धाग्यांवर लोक रोज रात्री पिसं काढतात. कालच्या भागात सासऱ्याचा चष्मा डाव्या खिशात होता, आज उजव्या, हे ओळखणारी माणसं आहेत. एवढ्या बारकाईने कुणी कादंबरी वाचत नाही हो.

सावळी

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र असते.

'रंग माझा वेगळा' मध्ये नायिकेला मेकअपने काळं केलं होतं. तेव्हा टीका झाली की खरी सावळी मुलगी का घेतली नाही. शंभर टक्के बरोबर टीका. मीही तेच म्हणत होते. पण माझ्या घरी काय झालं ते सांगते. माझी आत्या मला लहानपणापासून 'काळुंद्री' म्हणायची, लाडाने. मालिकेत दीपाला तिची सासू घालूनपाडून बोलली त्या रात्री आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, हवापाण्याचं विचारलं, ठेवला. त्यानंतर तिने तो शब्द वापरला नाही. मी कधी विषय काढला नाही, तिनेही नाही.

मेकअप खोटाच होता. मला अजूनही तो बघवत नाही.

मिश्किल_मावशी

सावळी, लिहित रहा गं.

रंकाळ्यावरून

एक राहिलंच. आमच्या घरात वडील पाच दिवसांची कसोटी बघतात, आणि पाचव्या दिवशी ती अनिर्णित सुटते. त्यांना कुणी म्हणत नाही, 'तुम्ही, प्रोफेसर असून?' आईने बावीस मिनिटं मागितली की सगळ्यांना भाग ताणलेला वाटतो.

कोपऱ्यातली_खुर्ची

कसोटीला हात लावायचा नाही.

डॅलसकर

काका, कसोटीतही कोणी बाद झालं की तीनदा दाखवतात. वेगवेगळ्या कोनातून. :))

कोपऱ्यातली_खुर्ची

...

वैदर्भी_ठेचा

काकाची विकेट. रिप्ले दाखवा कोणी.

ग्रंथकीटक

थोडं शीर्षकगीतांबद्दल बोलू या का? 'आभाळमाया' आणि 'वादळवाट', दोन्हींचे शब्द मंगेश कुळकर्णींचे, चाली अशोक पत्कींच्या. 'आभाळमाया' १९९९ ची, अल्फा मराठी नुकतं सुरू झालं होतं, 'झी मराठी' नाव २००५ मध्ये आलं. ते गीत लागलं की आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावरून एकदम ऐकू यायचं, जिन्यातून चढताना एक ओळ सुटत नसे. आता ॲपवर बटण आहे, 'शीर्षक वगळा'.

डॅलसकर

ते बटण मी दाबत नाही. एवढी एकच गोष्ट मूळ वेगात ऐकतो.

शिफ्टसंपली

मूळ प्रश्नाकडे येतो. माझं उत्तर: तीन महिने. वाहिनीसुद्धा साधारण तेवढे दिवस दम धरते. तोवर आकडा हलला नाही तर वेळ बदलते किंवा गाशा गुंडाळते. तीन महिने म्हणजे तेरा आठवडे. खुर्चीकाकांच्या दूरदर्शनचाही हिशोब तेराचाच होता, बघा.

नाक्यावरचा_चहा

तेरा आठवडे सहा भाग म्हणजे ७८. ७८ भाग बघितल्यावर माझ्यात टीका करायची ताकद राहील का? 'चार दिवस सासूचे' तर अकरा वर्षं आणि तीन हजारांवर भाग चालली. तिचा टीकाकार नेमायचा तर पेन्शन द्यावी लागेल.

मिश्किल_मावशी

नावात चार दिवस होते, ही सर्वांत मोठी फसवणूक.

सुपारीची_बाग

माझं उत्तर: सहा भाग, पण सलग एका आठवड्याचे, आणि जो रोज बघतो त्याच्या शेजारी बसून. एकट्याने नाही. मालिका निम्मी पडद्यावर असते, निम्मी सोफ्यावर. सोफ्यावरची न ऐकता लिहिलेलं मी वाचणार नाही.

खारीबटर

बागेचं उत्तर मला पटलं, म्हणून काल रात्री सासूबाईंनाच विचारलं. त्यांना हा धागा वाचून दाखवला (बोंडअळीला त्या फार हसल्या, आत्याच्या फोनशी गप्प झाल्या, चहांच्या बहिणीचं वाचल्यावर म्हणाल्या, "त्याला सांग, टीव्ही बंद कर म्हणायला भिऊ नकोस आईला.") मग विचारलं, किती भाग?

म्हणाल्या, "एकही नको. बोलू दे की. पण मग 'तो कोण, ही कोणाची' असं मध्येमध्ये विचारायचं नाही." मावसदीर पुढच्या महिन्यात आठ दिवस राहायला येतायत. सासूबाईंनी सोफ्यावरची त्यांची जागा आत्ताच ठरवलीय, पंख्याखालची नाही.

नाक्यावरचा_चहा

काकूंना नमस्कार सांगा. आज संध्याकाळी बोलतो आईशी.

वैदर्भी_ठेचा

कालचा भाग कोणी बघितला का? आमच्याकडे लाईट गेली होती अन् आजी सकाळपासून माझ्याशी बोलून नाही राहिली.